उंबऱ्यावरची पाहणी

ऐन शरीफ या आमच्या गावातला बायकांचा हमाम, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, दोन हिवाळे बंद होता. ज्याच्या घरी गीझर आहे त्याला हे सांगून काही उपयोग नाही. पण खालच्या आळीत नोव्हेंबरातच नळाच्या पाण्याने बोटं आखडतात, आणि तिथल्या बायकांनी ते दोन हिवाळे कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. चुलीवर पातेलं चढवायचं, न्हाणीत उकिडवं बसायचं, तांब्या तांब्याने अंग ओलं करायचं आणि दात वाजवत बाहेर यायचं. याला काय आंघोळ म्हणायची? बाळंतिणीचं चाळिसाव्या दिवसाचं न्हाण नाही, नवरीचं न्हाण नाही, गुरुवारच्या दुपारभर चालणाऱ्या गप्पा नाहीत. सुनेच्या चुगल्या करायच्या तरी कुठे?

मन्नूबियाचं तर पोटच त्या हमामवर. ती तिथली हारझा. म्हणजे बायकांच्या पाठी घासणारी, केस धुणारी, गरम पाणी ओतणारी, आणि कुणाच्या दंडावर निळा डाग दिसला तर तोंड मिटून ठेवणारी. तीस वर्षं हेच केलं तिने. गावातल्या अर्ध्या बायकांना तिनेच नवरी म्हणून न्हाऊ घातलं होतं आणि त्यांच्या सासवांना शेवटचं न्हाऊ घालायलाही तिलाच बोलावणं यायचं. हमाम बंद झाल्यावर ती लोकांच्या घरी जाऊन लोकर धुऊ लागली, अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांची अंगं पुसू लागली. कुणी "कसं चाललंय?" विचारलं की "अलहम्दुलिल्लाह" म्हणायची आणि लगेच विचारणाऱ्याच्या गुडघेदुखीची चौकशी करायची. बाई मानी. मोडेल पण हात पसरणार नाही.

म्हणून शनिवारी सकाळी पालिकेचा शिपाई दारात येऊन म्हणाला, "चला, गुरुवारी हमाम उघडतोय, आजपासून आतली साफसफाई करायचीय," तेव्हा ती दारातच उभ्याने रडली. शिपाई बिचारा गांगरला.

"अहो, चांगली बातमी आणलीय मी!"

"माहितेय रे मेल्या," ती पदराने, म्हणजे डोक्यावरच्या सफसारीने, डोळे पुसत म्हणाली. "चांगल्या बातमीलाच रडते मी. वाईट बातम्यांना रडायला लागले असते तर आजवर वाळून गेले असते."

ती बादली, खराटा आणि साबण घेऊन तशीच निघाली. वाटेत दिसेल तिला सांगत गेली. शेजारच्या हल्लूमाने तर गच्चीवरून ऐकलं आणि तिथूनच अशी किलकारी फोडली की गल्लीतल्या कोंबड्या उडाल्या. हल्लूमाच्या इब्तिहालचं लग्न त्याच आठवड्यात होतं.

"पहिलं न्हाण माझ्या लेकीचं!" ती वरून ओरडली. "ऐकलंस का मन्नूबिया? पहिलं पाणी तिच्या डोक्यावर!"

"अगं हो! तिचं नाही तर काय तुझं घालू?"

आत गेल्यावर मन्नूबिया क्षणभर उभीच राहिली. कपडे बदलायच्या खोलीला पांढरा चुना, भिंतींना निळ्या फरश्या, घुमटातल्या फुटक्या काचा बदललेल्या. एवढं छान तिने तो हमाम कधी बघितलाच नव्हता. तिने चपला काढल्या, बिस्मिल्लाह म्हटलं आणि अनवाणी आतल्या गरम खोलीत गेली. बादली खाली ठेवली. आणि तिथेच काहीतरी चुकलं.

बादली ठेवल्यावर आवाज आला तो ठप्प. नुसता ठप्प.

तीस वर्षं त्या जमिनीवर तिचे तळवे घासले होते. तिथे बादली ठेवली की खालून पोकळ आवाज यायचा, रिकाम्या रांजणावर हात मारल्यासारखा. कारण जमीन खालून पोकळच होती. मागच्या बाजूला भट्टी, तिथे ऑलिव्हचा चोथा जळायचा. त्याचा धूर गरम खोलीच्या जमिनीखालच्या बोळातून जायचा, जमीन तापवायचा आणि पलीकडच्या भिंतीतून वर धुराड्यात निघायचा. हमाम गरम होतो तो असा. मन्नूबियाने खराट्याच्या दांड्याने कोपरा ठोकला, मधला भाग ठोकला, दाराजवळ ठोकलं. सगळीकडे ठप्प. ठेकेदाराने जमीन सरळ करायच्या नादात खालचा बोळच राडारोड्याने आणि सिमेंटने भरून टाकला होता. भिंतीत बसवलेल्या तांब्याच्या हंड्याभोवती पूर्वी चुन्याचा घट्ट लेप असायचा, तिथे आता करंगळी जाईल एवढी फट. त्या फटीच्या पलीकडे भट्टी.

मग धूर जाणार कुठे? बाईला शाळेची तोंडओळख चौथीपर्यंत, पण एवढं समजायला शाळा लागत नाही.

भट्टीवाला म्हातारा अम्मार असता तर त्याने ठेकेदाराचा कान धरला असता. पण तो मागच्या रमजानात गेला. तो नेहमी म्हणायचा, "डोळ्याला झोंबतो तो धूर बरा, माणूस पळ तरी काढतो. जो झोंबत नाही तो गुपचूप झोपवतो." एकदा बोळात काजळी साठली होती तेव्हा दोन बायका आत चक्कर येऊन पडल्या होत्या. मन्नूबियानेच त्यांना काखेत हात घालून बाहेर ओढलं होतं. तेव्हा दार उघडं होतं म्हणून निभावलं. नवरीच्या न्हाणाला दार बंद असतं, तासन् तास.

तिने बादली तशीच उचलली आणि घरी आली. साफसफाई केलीच नाही.

रविवार तिने नुसता काढला. खोटं कशाला बोला, त्या दिवशी तिच्या मनात गप्प बसायचाच विचार होता. आपण कोण? पाठी घासणारी बाई. इंजिनियरांनी बघितलं असेल, साहेबांनी सह्या केल्या असतील. आणि आपण बोललो, हमाम पुन्हा बंद झाला, तर तिसरा हिवाळा लोकांच्या लोकरी धुण्यात जाणार. गप्प बसलो तर गुरुवारपासून कासा हातात. कासा म्हणजे तिचा तो अंग घासायचा खरखरीत हातमोजा. तो तिने दोन वर्षं उशाखाली ठेवला होता. पण दुपारी इब्तिहाल स्वतः मेंदीचं आमंत्रण द्यायला आली, तिने मन्नूबियाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि ती गेल्यावर मन्नूबियाने गप्प बसायचा विचार सोडला.

सोमवारी सकाळी ती पालिकेत गेली. तिथला बांधकाम विभागाचा तंत्रज्ञ वज्दी हा तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा, शहाणा, लाजाळू, टेबलावर तीन रंगांची पेनं ओळीत लावून ठेवणारा.

"मावशी! ये, बस. कॉफी सांगू?"

"कॉफी राहू दे. हमामची पाहणी कुणी केली?"

"समितीने. मी, बांधकाम समितीचे अध्यक्ष सी तय्यिब, आणि ठेकेदार. का?"

"ठेकेदार स्वतःच्याच कामाची पाहणी करतो?"

"तो सोबत असतो गं. पद्धत असते तशी."

"बरं. गरम खोलीची जमीन ठोकून बघितलीस?"

वज्दीने निळं पेन उचलून लाल पेनाच्या जागी ठेवलं. "मावशी, आमच्याकडे कागद असतात, नकाशे असतात. ठोकून नसतं बघायचं."

"तू आत गेला होतास का, तेवढं सांग."

त्याचे कान लाल झाले. लहानपणी बिस्किटं चोरायचा तेव्हाही याचे कानच आधी कबुली द्यायचे. "काम झाल्याचा अहवाल आहे. त्यावर सह्या आहेत. तुला नक्कल हवी तर माहितीच्या कायद्याखाली अर्ज दे, वीस दिवसांत मिळेल."

"वीस दिवसांत?" मन्नूबिया उठलीच. "अरे, गुरुवारी हमाम उघडतोय! वीस दिवसांनी नक्कल घेऊन काय कबरीवर वाचू?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे माना खाली घालून कामाला लागले. वज्दी हळूच म्हणाला, "मावशी, इथे ओरडू नकोस. माझी नोकरी आहे ही."

"माझीही ती नोकरीच आहे," ती म्हणाली आणि निघाली.

तिने जिना उतरायच्या आत बातमी खालच्या आळीत पोचली. कशी, ते विचारू नका. आमच्या गावात भिंतींना नुसते कान नाहीत, पायही आहेत. ती घरी पोचली तर हल्लूमा कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"काय ऐकते मी? हमाम उघडू नका म्हणून सांगत फिरतेयस?"

"हल्लूमा, आत ये, सांगते सगळं."

"मी नाही येत आत! दोन वर्षं आम्ही कुडकुडतोय. लग्नाचं न्हाण घरात पातेल्याने घालायची पाळी आली होती माझ्या लेकीवर. आता कुठे दार उघडतंय तर तुझ्या पोटात का दुखतंय? भाव खायचाय का तुला? पालिकेने येऊन पाया पडावं असं वाटतंय?"

"अगं, जमिनीखालचा बोळ बुजवलाय त्यांनी. धूर आत येईल."

"तीन साहेबांना दिसलं नाही ते तुला दिसलं?"

"मला दिसलं नाही. पायाला लागलं."

"पायाला!" हल्लूमाने हात हवेत उडवले. "लोकांची डोकी चालतात, हिचे पाय चालतात. माझ्या लेकीच्या लग्नात अपशकुन केलास ना मन्नूबिया, तर तीस वर्षांचा शेजार विसरीन मी." आणि गेली. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनीही आपापल्या दारांचे पडदे ओढून घेतले. मन्नूबियाला त्या दिवशी कुणी रोटीसाठी खमीरही मागायला आलं नाही.

मंगळवारी तीन वाजता पालिकेची बैठक. बैठकीत गावातल्या कुणालाही बसता येतं, सुरुवातीला बोलताही येतं, असा कायदा आला त्याला काही वर्षं झाली होती. पण लोकांच्या खुर्च्यांवर नेहमी दोनच माणसं असायची. दोघेही पेन्शनर, आणि दोघेही सभागृहातल्या हिटरसाठी यायचे. त्या दिवशी तिसरी मन्नूबिया बसली, डोक्यावर धुतलेली पांढरी सफसारी, पायांत भावाच्या लग्नातले बूट.

नगराध्यक्ष सी लजहर, सी म्हणजे आमच्याकडे साहेब, हे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. माणूस भला. हात स्वच्छ होता, पण फीत कापायची भारी हौस. टेबलावर गुरुवारसाठी आणलेली लाल फीत आणि कात्री तयारच होती.

"लल्ला मन्नूबिया बोलणार आहेत," त्यांनी बाईंना मानाने लल्ला म्हणत, चष्म्यावरून बघत सांगितलं. "बोला. तीन मिनिटं."

ती उभी राहिली. खुर्चीची पाठ घट्ट धरली. आणि बादलीच्या आवाजापासून हंड्याच्या फटीपर्यंत सगळं सांगितलं. तीन मिनिटं लागलीच नाहीत.

सी तय्यिब हसले. जाड मानेचे, पेट्रोलपंपवाले, एरवी सगळ्यांना "बाळा" म्हणणारे. "आजी, काम इंजिनियरच्या नकाशाप्रमाणे झालंय. अहवाल झालाय. आता पाठी घासणाऱ्यांनी आम्हाला बांधकाम शिकवायचं का?"

"शिकवत नाही," मन्नूबिया म्हणाली. "विचारते. अहवालावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांतलं आत कोण गेलं होतं?"

"सगळे गेलो होतो."

"मग सांगा. हंडा कुठल्या भिंतीला आहे? दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला, उजव्या हाताला, की समोर?"

सी तय्यिब टेबलाच्या टोकाला बसलेल्या वज्दीकडे बघू लागले. वज्दी पेनांकडे. सभागृहात निम्म्या बायकाच निवडून आलेल्या, तोही कायदाच आहे. पण बांधकाम समितीत एकीलाही घेतलं नव्हतं, कारण बांधकाम म्हणे पुरुषांचं काम. त्यांतल्या सेलमाबाई वकील, नाकाने कांदे सोलणाऱ्या म्हणून गावात प्रसिद्ध, त्या मन्नूबियाकडे वळल्या. "मी पंधरा वर्षांत हमामला गेले नाही," त्या म्हणाल्या. "पण मलासुद्धा आठवतंय हंडा कुठे आहे ते. सी तय्यिब, तुम्ही परवा जाऊन आलात. सांगा ना."

"डावीकडे," सी तय्यिब म्हणाले.

"समोर," मन्नूबिया म्हणाली.

हिटरवाल्या पेन्शनरांतला एक फिस्सकन हसला.

तेवढ्यात वज्दी उभा राहिला. त्याचा चेहरा कानांच्याच रंगाचा झाला होता. "आम्ही आत गेलो नाही," तो म्हणाला.

"वज्दी, बस खाली," सी तय्यिब गुरगुरले.

"नाही सी तय्यिब, बोलू द्या. आम्ही दारापर्यंत गेलो. मी हाक दिली, या सातिर, या सातिर. बायकांच्या जागेत शिरायच्या आधी देतात तशी. आणि थांबलो. म्हणजे आतून कुणी 'या' म्हणेल म्हणून. रिकामा हमाम, कोण म्हणणार? पण आमचे पाय उचलेचनात. माझी आई, मावशी, आज्या, सगळ्या बायका तिथे... तिथे पुरुषाने पाय नाही ठेवायचा, एवढंच लहानपणापासून डोक्यात. सी तय्यिब म्हणाले, इथूनच दिसतंय, फरश्या छान आहेत. ठेकेदार म्हणाला, बाकी सगळं ठीक आहे. मग उंबऱ्यावरच सह्या केल्या. कागद माझ्या गुडघ्यावर ठेवून."

आता याला हसावं की रडावं? तीन बाप्ये, एक रिकामी इमारत, आणि कुणी नसलेल्या बायकांची लाज वाटून बाहेरच उभे. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात ते हेच. पण खरं सांगायचं तर त्या सभागृहातल्या एकाही पुरुषाने त्यांना नावं ठेवली नाहीत. ज्याने त्याने आपापल्या मनात विचारलं असणार की आपण तरी आत गेलो असतो का.

सी तय्यिब मात्र चिडले. "बरं, नाही गेलो! म्हणून काम वाईट झालं असं कुठे ठरतं?"

"नाही ठरत," मन्नूबिया म्हणाली. तिलाही आता राग आला होता. "सोपं आहे. सह्या केल्यात ना? मग उद्या भट्टी पेटवा, ज्यांनी सह्या केल्या त्यांनी आत बसा, मी बाहेरून दार लावते. तासाभराने उघडते. धडधाकट बाहेर आलात तर मी चौकात उभी राहून माफी मागेन."

 सी तय्यिबांनी खिशात रुमाल शोधला.

"मी बसतो," वज्दी म्हणाला.

तो नुसता म्हणाला नाही, टेबलामागून बाहेर येऊन उभा राहिला. "सही माझी आहे. उद्या मी बसतो."

आणि मन्नूबियाने धरलेली खुर्ची सोडली. तिच्या मेलेल्या बहिणीचं एकुलतं एक पोर. असा ताठ उभा की खरंच जाऊन बसेल, लाजेपायी. त्याला आता कुणी थांबवलं नाही तर तो दार लावून घेईल आणि आवाजही काढणार नाही.

"खाली बस गाढवा!" ती किंचाळली. सभागृह दचकलं. "तू नाही बसायचंस! कुणीच नाही बसायचं! आत मरण आहे रे, कळत नाही का तुला? मी काय तमाशा करायला आलेय इथे?" आणि मग, इतक्या लोकांसमोर, तिचा आवाज फुटला. "एवढंच सांगायला आलेय, की आत मरण आहे."

सी लजहरनी चष्मा काढला. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस, पोरगं खरं बोलतंय की पाठ केलेलं म्हणतंय ते त्याला ओळखता येतं. त्यांनी लाल फीत उचलली, नीट गुंडाळली आणि खणात टाकली.

"उद्या सकाळी दहाला भट्टी पेटवायची," ते म्हणाले. "आत कुणी नाही. ओला पेंढा टाकायचा, म्हणजे धूर डोळ्यांना दिसेल. सगळ्यांसमोर बघू कुठून निघतो ते."

"आणि धुराड्यातून निघाला तर?" सी तय्यिब म्हणाले. "या बाईंनी पालिकेची अब्रू घालवली त्याचं काय? हमाममध्ये मग दुसरी हारझा ठेवायची. मी मांडतो ठराव."

सगळ्यांनी मन्नूबियाकडे बघितलं.

"ठेवा," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी हमामच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या गावात एवढे लोक मतदानालाही येत नाहीत. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, पोरं गच्च्यांवर. हल्लूमा आपल्या बायकांच्या घोळक्यात पुढे उभी होती. मन्नूबिया एकटी, भिंतीला टेकून. तिच्याजवळ उभं राहायला कुणी आलं नाही.

भट्टीवाल्या नव्या माणसाने चोथा पेटवला आणि वरून ओला पेंढा लोटला. सगळ्यांच्या माना वर धुराड्याकडे.

धुराडं कोरडं ठणठणीत. एक मिनिट, दोन, तीन.

"वाऱ्यामुळे," सी तय्यिब म्हणाले. वारा नव्हता.

पाच मिनिटं झाली. लोक कुजबुजू लागले. कुणीतरी म्हणालं, नवं धुराडं तापायला वेळ लागतो. मन्नूबिया वर बघतच नव्हती. ती दाराकडे बघत होती.

मग बायकांच्या हमामच्या दाराखालून, उंबऱ्याच्या फटीतून, राखाडी धूर बाहेर सरपटला. आधी थोडा, मग दाट. घुमटातल्या नव्या काचा आतून काळवंडत गेल्या. दार बंद होतं तरी धूर थांबेना, चौकटीच्या चारही बाजूंनी निघत राहिला, आणि धुराड्यात अजूनही काही नव्हतं. 

वज्दी पुढे झाला, तोंडावर बाही धरून त्याने दार ढकललं आणि खोकत मागे आला. भट्टीवर पाणी ओतलं गेलं. सी लजहरनी तिथेच, गल्लीत उभ्याउभ्या, अहवाल मागवला आणि त्यावर आडवी रेघ मारली. सेलमाबाई म्हणाल्या की आता पाहणी बायकांची समिती करेल, आणि आधी मन्नूबिया आत जाईल.  ठेकेदाराला बोलावणं गेलं. हमाम उघडायला आता वसंत उजाडणार हे सगळ्यांना कळलं. मन्नूबियालाही कळलं. तिसरा हिवाळा गेलाच होता.

गर्दी पांगली. हल्लूमा मात्र तिथेच पायरीवर बसली होती, चेहरा पांढराफटक.  शेवटी मन्नूबियाच तिच्याजवळ जाऊन बसली.

"वाईट वाटून घेऊ नको गं," ती म्हणाली. "इब्तिहालला मी माझ्या अंगणात न्हाऊ घालते उद्या. पातेली गोळा करू गल्लीभरची. पाणी कढत करू. गाणी तीच म्हणायचीत ना?"

"एकतीस जणी होतो आम्ही," हल्लूमा म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "मी काल रात्रीच यादी केली. इब्तिहाल, तिच्या चुलत बहिणी, माझ्या जावा, त्यांची लहान लेकरं. एकतीस जणी उद्या आत असतो."

"बत्तीस," मन्नूबिया म्हणाली.

हल्लूमाने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तू? तुला तर माहीत होतं! कुणी ऐकलं नसतं तर तू घरी बसली असतीस ना?"

"काय बोलतेस?" मन्नूबियाला खरंच राग आला. "तुम्ही सगळ्या आत, नवरी आत, आणि मी बाहेर बसू? पाणी कोण ओतणार होतं?"

हल्लूमाने तिच्या पाठीत असा एक धपाटा घातला की तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल, आणि मग तिच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडायला लागली.